कप्पीला टांगलेला 28 किलोचा चिरा काट्यावर 57 कसा भरतो?

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

लांजा तालुक्यातल्या आमच्या घरावर माडी चढवायचं काम चालू आहे. पावसाच्या आत भिंती उभ्या राहायला हव्यात म्हणून मी रजा टाकून डोंबिवलीहून आलोय. जांभ्याचे चिरे वर न्यायला गवंड्याने साधी व्यवस्था केली. स्लॅबवरून सुरूची बल्ली तीन फूट बाहेर काढली, मागच्या टोकावर चिरे रचून ती दाबून धरली, पुढच्या टोकाला साखळीने कप्पी टांगली. खाली अंगणात उभं राहून दोर ओढायचा, की चिरा वर.

बल्ली पेलेल का, असं मी विचारलं होतं. त्यावर गवंडी काही न बोलता दोर बांधून स्वतःच बल्लीला लोंबकळला, वर दोन झोके घेतले. माणूस 55 किलोचा. "बघितलात? मग तुमचा चिरा तो केवढा!" हिशेब पटण्यासारखाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चाळीसेक चिरे वर गेल्यावर, बल्ली स्लॅबच्या कडेवर करकरली आणि मोडली. देवाची कृपा, खाली कोणी नव्हतं. चिरा तुळशीवृंदावनावर पडला, एक कोपरा गेला. आई तेव्हापासून गवंड्याला चहा देत नाहीये.

गवंडी म्हणतो बल्ली आतून पोखरलेली होती. मोडलेली जागा मी नीट बघितली, लाकूड चांगलं ठणठणीत आहे. 55 किलोला न मोडणारी बल्ली 28 किलोला का मोडते, हे डोक्यातून जाईना. भाच्याकडे आंब्याच्या पेट्या तोलायचा टांगता डिजिटल काटा आहे, 150 किलोपर्यंतचा. नवी जाड बल्ली आणली, तिच्या आणि कप्पीच्या मध्ये तो काटा अडकवला. कप्पी, साखळी, दोर यांचं वजन शून्यावर आणलं.

चिरा नुसता काट्याला टांगला: 28.6.
तोच चिरा कप्पीवरून, दुसरं टोक बिगाऱ्याच्या हातात, चिरा हवेत स्थिर: कधी 55, कधी 57, कधी 60.

गवंड्याच्या मते काटा बिघडलाय. मुलगी नववीत आहे, ती "बाबा, न्यूटनचा तिसरा नियम" एवढं सांगून मोबाइलमध्ये गेली. पण चिरा एकच आहे हो. वरचे 28 किलो आले कुठून?

---

गूळखोबरं

कप्पीने ओझं निम्मं होतं असं शाळेत शिकवलं होतं. तुमच्याकडे दुप्पट होतंय म्हणजे कप्पी उलटी लावली असणार 😀

---

तोलमाप_काका

गूळखोबरं, निम्मं करते ती फिरती कप्पी, जी ओझ्याबरोबर वर-खाली जाते. विहिरीवर असते ती जागच्या जागी अडकवलेली. ती फक्त दिशा बदलते. वर ओढण्याऐवजी खाली ओढायला मिळतं, अंगाचं वजन वापरता येतं, सोय तेवढीच.

चिरेबंदी, माझा धंदाच काटे दुरुस्तीचा, वडिलांपासून. तागड्या, ताणकाटे, आता इलेक्ट्रॉनिक. तुमच्या काट्याला काही झालेलं नाही. खात्री हवी तर सिमेंटची न फोडलेली गोणी टांगा, पन्नासच्या आसपास दाखवील.

मुद्दा असा की काट्याला चिरा दिसत नाही. तुम्ही किलो वाचता म्हणून तुम्हाला वाटतं तो वस्तू तोलतोय. त्याला कळतं एवढंच की खालच्या हुकाला किती जोराने ओढलं जातंय. कोण ओढतंय, चिरा की माणूस, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टांगता काटा कधी उघडून बघा. आत धातूचा एक जाडसर तुकडा असतो, मध्ये भोकं पाडून मुद्दाम कमकुवत केलेला. त्यावर केसासारख्या बारीक नागमोडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. हुकाला ओढ बसली की धातू ताणतो, डोळ्याला दिसणार नाही इतकाच, पण पट्टीही त्याच्याबरोबर ताणते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. 350 ओहमच्या पट्टीत पुरा भार टांगल्यावर फरक पडतो जेमतेम 0.7 ओहमचा. तेवढ्यावरून तो काटा तुम्हाला 28.6 आणि 28.7 वेगळे करून सांगतो. आधीच्या ताणकाट्यात हेच काम स्प्रिंग करायची. जेवढा जोर तेवढी लांबी, हे रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1678 मध्ये छापलं, आणि आजचा काटा त्याच जिवावर चालतो, फक्त लांबी मोजायची तऱ्हा बदलली.

आता तुमची कप्पी. चिरा हवेत स्थिर आहे, म्हणजे त्याच्या बाजूचा दोर त्याला 28.6 किलोच्या जोराने वर धरून आहे. दोर एकच आहे, कप्पीवरून वळून बिगाऱ्याच्या हातात गेलाय. मग बिगाऱ्यालाही साधारण तेवढंच खाली ओढून धरावं लागणार, नाही तर चिरा खाली येईल. म्हणजे कप्पीला दोन दोर खाली खेचतायत, 28.6 आणि 28.6. कप्पी स्वतः जागेवर आहे, तेव्हा तिला वर धरणाऱ्या साखळीत 57.2 हवेच.

गवंडी लोंबकळला तेव्हा बल्लीवर 55 होते. चिरा ओढताना 57 आणि वर घर्षण. म्हणजे रोज प्रत्येक चिऱ्याला तुमची बल्ली गवंड्यापेक्षा जास्त ओझं पेलत होती, आणि तेही चाळीस वेळा.

"वरचे 28 किलो कुठून आले" याचं उत्तर सांगणार नाही. घरात पायाने चढून उभं राहायचा वजनकाटा असेल ना? बिगाऱ्याला त्यावर उभं करा आणि मग दोर धरायला लावा. चिरा जमिनीपासून वीतभरच उचला, खाली गोणपाट टाका. दोन्ही काटे एकाच वेळी वाचा आणि इथे आकडे टाका.

---

शॅकल

मुंबईच्या गोदीत रिगर म्हणून, म्हणजे दोर-कप्प्यांनी जड माल उचलायच्या कामात, तीस वर्षं काढली. काकांचं बरोबर आहे, पण 57 किलोला सुरूची चांगली बल्ली मोडत नाही. तुम्ही काहीतरी सांगायचं राहिलंय. मोडली तेव्हा चिरा नक्की कुठे होता? वर चढत होता, थांबला होता, की कुठे अडकला होता? आणि दोराला किती माणसं होती?

आमच्याकडे नवीन पोराला पहिली गोष्ट हीच शिकवायचे, की दोरातला ताण मालाचं वजन ठरवत नाही, दोर ओढणारा ठरवतो. माल मोकळा असेल तोवरच दोघांचं जुळतं.

कप्पीचं आणखी एक. बिगारी सरळ खाली न ओढता लांब उभा राहून तिरका ओढत असेल तर बल्लीवर दुप्पट येत नाही. दोन दोरांत 60 अंशांचा कोन झाला तर 57 ऐवजी साधारण 49.5, काटकोन झाला तर 40. पण मग ती ओढ बाजूला जाते आणि बल्ली फिरायला बघते. कोनाची खोड दोन्हीकडून चावते. एकच ओझं दोन दोरांनी दोन बाजूंना बांधलं आणि दोरांत 120 अंश पडले, तर प्रत्येक दोरावर अख्खं ओझं येतं, अर्धं नाही. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताणून आडवी कराल तितकी लवकर तुटते, ते यामुळेच.

बल्ली बाहेर किती आहे तेही महत्त्वाचं. तीन फुटांऐवजी दीड फूट काढलीत तर कडेवरचा मोडायचा जोर निम्मा.

---

शाळेतली_बाई

चिरेबंदी, मुलीला सांगा, नियम बरोबर आठवला पण अर्धवट वापरला. नववीच्या 'गतीचे नियम' पाठाशी इथे खरा संबंध पहिल्या नियमाचा आहे. कप्पी स्थिर, म्हणजे तिच्यावरची बलं संतुलित, म्हणून साखळीतलं बल दोन दोरांच्या बेरजेइतकं. तिसरा नियम बिगाऱ्याच्या हाताशी येतो. तो दोराला जितका खाली ओढतो, दोर त्याला तितकाच वर ओढतो. काकांनी पायाखाली काटा ठेवायला का सांगितलं, हे तिला यावरून ओळखू दे.

आणि हे सगळे "किलो" म्हणजे खरं तर बल आहे, तेव्हा तिच्या वहीत न्यूटन हवेत. 28.6 गुणिले 9.8, म्हणजे सुमारे 280 न्यूटन. काट्यावर ते किलोत छापतात कारण बाजारात कोणी 10 न्यूटन कांदे मागत नाही.

---

तोलमाप_काका

बाईंनी आठवण करून दिली म्हणून जाता जाता. हा किलो-न्यूटनचा फरक पुस्तकी वाटतो, आमच्या धंद्यात तो पैशांचा असतो. तागडी दोन पारड्यांची तुलना करते, ती कुठेही न्या, सारखंच सांगेल. दोन्ही बाजूंना पृथ्वी तितकीच ओढते. इलेक्ट्रॉनिक काटा ओढ मोजतो, आणि ओढ जागोजागी वेगळी. बाईंनी गुणलेला तो 9.8 विषुववृत्तावर 9.780 असतो, ध्रुवावर 9.832. दिल्लीत 9.791 आहे, मुंबईत 9.786. दिल्लीत जुळवलेला सोनाराचा काटा तसाच मुंबईत आणून लावला तर 100 ग्रॅमला 5 सेंटिग्रॅम कमी दाखवतो. सोनार ते लगेच पकडतो. म्हणून असा काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवावा लागतो. भाच्याच्या आंब्यांना या फरकाने काही होत नाही, तो निश्चिंत राहू दे.

---

चिरेबंदी

आधी शॅकलदादांना उत्तर देतो, कारण ते वाचून मी गवंड्याला बाजूला घेतलं आणि नीट विचारलं.

चिरा अडकला होता. खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या कडेला चिऱ्याचा कोपरा लागला, वर जाईना. खालून दिसत नव्हतं. बिगाऱ्याला वाटलं कप्पी जाम झाली. मग गवंडीही दोराला लागला आणि दोघांनी "हेइस्सा" करून अंग टाकलं. दुसऱ्या हिसक्याला बल्ली गेली. हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं.

आता पायाखालच्या काट्याचा प्रयोग. बिगाऱ्याचं वजन 61.9. वरच्या काट्यापाशी माळ्यावर मी, खाली मुलगी, दोघं ओरडून आकडे सांगत होतो, आणि आई पायरीवर बसून "आता काय तोलताय, माणसं?" असं विचारत होती.

चिरा वीतभर वर, बिगारी कसाबसा धरून: वर 55.1, पायाखाली 35.4.
त्याला म्हटलं जरा जास्त ओढून धर, पण चिरा हलू देऊ नकोस: वर 58.9, खाली 31.7.
सावकाश वर ओढताना: वर 61.5, खाली 29.1 च्या आसपास, आकडे नाचत होते.
सावकाश खाली सोडताना: वर 53.6, खाली 36.9.

मुलीने भिंतीवर कोळशाने बेरजा मांडल्या. 90.5, 90.6, 90.6, 90.5. मग ती एकदम थांबली आणि तिने 61.9 अधिक 28.6 केलं. 90.5.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. वरचे 28 किलो कुठून आले नव्हतेच. बिगाऱ्याच्या पायांखालून निघून ते बल्लीवर गेले होते. तो दोर जेवढा ओढतो तेवढा जमिनीवर हलका होतो आणि बल्लीला तेवढाच जड. बिगारी स्वतः काट्यावरून उतरून आकडे बघायला आला आणि म्हणाला, "म्हणजे मी पण वर टांगलेलोच होतो की."

एक शंका. चिरा स्थिर असताना वरचा आकडा 55 पण येतो आणि 59 पण. दोन्ही वेळा चिरा तोच आणि हवेतच. मग बिगारी नक्की किती ओढतो?

आणि हिसका दिल्यावर काय होतं ते बघायला एकदा जोरात ओढायला लावलं, तर काटा आधीचाच आकडा धरून बसला.

---

तोलमाप_काका

झकास! असे आकडे मला गिऱ्हाइकाकडून कधी मिळत नाहीत.

55 ते 59 हे तुमच्या कप्पीचं घर्षण. आसात गंज असेल. चिरा खाली घसरायला बघतो तेव्हा घर्षण बिगाऱ्याच्या बाजूने असतं, तो 26.5 वर धरू शकतो. तो जास्त ओढतो तेव्हा घर्षण चिऱ्याच्या बाजूला जातं, मग 30.3 ओढूनही चिरा जागचा हलत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठेही तो आरामात उभा राहील. चिरा चढायला लागला तो 33 ला, उतरायला लागला तो 25 ला. आसात ग्रीस भरा आणि परत मोजा, हे अंतर कमी झालेलं दिसेल. बेरीज मात्र 90.5 च राहील, कारण घर्षण कप्पीच्या आत आहे. ते दोन दोरांत उणंअधिक करतं, बाहेरून काही आणत नाही.

हिसक्याचं: या काट्यांना आकडा स्थिर झाला की तो धरून ठेवायची सवय लावलेली असते, आंब्याची पेटी झुलत असताना वाचता यावं म्हणून. क्षणभराचा झटका तो गाळून टाकतो. जुना तबकडीचा ताणकाटा मिळाला तर लावा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काट्याची सुई चित्रित करा. तेव्हा बेरीज 90.5 च्या वर गेलेली दिसेल. चिरा नुसता धरायचा नसतो, त्याला वेगही द्यायचा असतो, त्याचा जोर वेगळा.

---

शॅकल

अडकला होता ना? वाटलंच.

आता हिशेब करा. मोकळा चिरा बिगाऱ्याला 33 च्या पुढे ओढूच देत नाही, त्याआधीच वर निघतो. अडकलेला चिरा मात्र हवं तेवढं ओढू देतो. सरळ खाली ओढणारा माणूस जास्तीत जास्त स्वतःच्या वजनाएवढं ओढतो, त्यापुढे त्याचेच पाय उचलतात. गवंडी 55, बिगारी 62, दोघांनी अंग टाकलं म्हणजे त्या बाजूला 117. कप्पीच्या पलीकडे घर्षण वजा जाऊन शंभर. बल्लीवर दोनशेच्या वर, आणि हिसका वेगळा. तीन फूट बाहेर काढलेल्या बल्लीवर. वखारवाल्याची काही चूक नाही.

पुढचं काम असं करा. बल्ली दीड-दोन फूटच काढा, पण छज्जाला चुकवून, म्हणजे खिडकीची बाजू सोडा. चिऱ्याला एक हलका दोर बांधून तो दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, चिरा भिंतीपासून लांब धरायला. दोराला एकच माणूस. एकट्याला जाईना तर थांबायचं आणि वर बघायचं, दुसऱ्याला हाक मारायची नाही. आमच्या मुकादमाच्या तोंडी हे एकच वाक्य असायचं.

आणि गूळखोबरंची फिरती कप्पी लावाच. दोराचं एक टोक बल्लीला बांधा, दोर खाली आणून चिऱ्यावरच्या कप्पीतून न्या, परत वर नेऊन बल्लीच्या कप्पीवरून खाली सोडा. ओढायला 14.3. बल्लीवर तीन दोर येतात, प्रत्येकी 14.3, म्हणजे 43. आधी 57 होते. घर्षण सोडून धरलंय. दोर मात्र दुप्पट ओढावा लागेल, आणि चिरा चढेल निम्म्या वेगाने. बिगारी कुरकुर करेल पहिले दहा चिरे.

---

गूळखोबरं

म्हणजे मी बरोबर होतो तर.

---

चिरेबंदी

फिरती कप्पी लावली, बल्ली दुसऱ्या बाजूला घेतली. काटा अजून मध्येच ठेवलाय, दोराचं बांधलेलं टोकही त्याच्याच हुकाला अडकवलंय, वर ओढताना 47-48 दाखवतो. चिऱ्याला आडवा दोर बांधायचं काम भाच्याकडे दिलंय. गवंडी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पायकाट्यावर उभं करतो, दोर हातात देतो आणि "बघा, तुम्ही हलके झालात" असं सांगतो. काल सरपंचही करून गेले.

काका, एकच राहिलं. आज पायकाट्याची बेरीज सारखी 89.9, 90.0 येतेय. सहाशे ग्रॅम गेले कुठे? बिगारी म्हणतो रात्री जेवला नव्हता.

---

तोलमाप_काका

बिगाऱ्याला एकट्याला, दोर न धरता, आधी घरात पक्क्या फरशीवर तोलून बघा. तो 61.9 च भरला तर काटा अंगणात जरा सरकलाय आणि काट्याचा एखादा पाय शेणाने सारवलेल्या उंचवट्यावर आलाय. खाली फळी घाला. 61.3 भरला तर त्याला जेवायला घाला.